मित्राच्या नावावर ५१ टक्के टाकले तर व्हेटरनचा सेट-असाइड मिळतो का?

प्रश्न थोडक्यात असा होता, की न्यू जर्सीत तुमची चौदा माणसांची आयटी कंपनी आहे, शेजारचा मित्र आर्मीतून रिटायर झालाय आणि त्याला व्हीएकडून, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडून, डिसॅबिलिटी रेटिंग आहे, तर कंपनीचे ५१ टक्के त्याच्या नावावर टाकायचे आणि माजी सैनिकांच्या, म्हणजे व्हेटरनच्या, कंपन्यांसाठी राखलेली फेडरल कॉन्ट्रॅक्ट घ्यायची. तो त्याची सध्याची फेडरल नोकरी चालू ठेवणार, धंदा तुम्ही बघणार, आणि डेव्हलपमेंटचं बरंचसं काम पुण्यात तुमच्या सख्ख्या भावाच्या कंपनीत होणार. हे जमेल का आणि किती दिवसांत.

नाही जमणार. जसं मांडलंय तसं तर अजिबातच नाही. मी गेली अठरा वर्षं मेरीलंडमध्ये हेच करतोय, छोट्या कंपन्यांची प्रपोजलं लिहायची, सर्टिफिकेशनची कागदपत्रं लावून द्यायची, आणि कोणी प्रोटेस्ट, म्हणजे निकालावर लेखी हरकत, टाकला की रात्री जागून उत्तरं काढायची. वकील नाहीये, शेवटची सही करण्याआधी वकिलाला दाखवायचंच, पण वकिलाकडे जायच्या आधी काय समजून घ्यायचं ते सांगतो.

आधी ही भानगड काय आहे ते. अमेरिकन सरकारने स्वतःवर एक टार्गेट घालून घेतलंय, की दरवर्षीच्या प्राइम, म्हणजे सरकारने थेट दिलेल्या, कॉन्ट्रॅक्टच्या पैशातले किमान २३ टक्के छोट्या कंपन्यांना जायला हवेत. २०२३ च्या आर्थिक वर्षात प्रत्यक्षात २८.४ टक्के गेले, म्हणजे १७८.६ अब्ज डॉलर. त्यातच सर्व्हिस-डिसेबल्ड व्हेटरन, म्हणजे सैन्यातल्या सेवेमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या कंपन्यांचं वेगळं टार्गेट आहे. ते १९९९ च्या कायद्याने ३ टक्के ठरलं, पण नुसतं टार्गेट ठरवून काय होतंय, अधिकाऱ्याच्या हातात हत्यारच नव्हतं, ते २००३ च्या कायद्याने दिलं, की हे टेंडर फक्त अशाच कंपन्यांसाठी असं म्हणून कुंपण घालता येईल किंवा ठरावीक रकमेपर्यंत थेट एकाच कंपनीला देता येईल. पहिल्याला म्हणतात सेट-असाइड, दुसऱ्याला सोल सोर्स. आता ते टार्गेट ५ टक्के झालंय.

इथे आपल्या लोकांचा एक घोळ होतो म्हणून सांगतो. भारतात २०१२ चं सरकारी खरेदीचं धोरण ज्यांनी वापरलंय त्यांच्या डोक्यात असतं की छोट्या उद्योगाचा दर एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी दराच्या, १५ टक्क्यांच्या आत असला की दर खाली आणून ऑर्डरचा हिस्सा मिळतो. फेडरलच्या व्हेटरन सेट-असाइडमध्ये तसं काही नाही. दरात सवलत नाही, नंतर मॅच करायची संधी नाही. कुंपणाच्या आत फक्त अशाच कंपन्या, आणि आत आल्यावर सगळे एकमेकांचे गळे धरणार. दरातली १० टक्क्यांची सवलत हबझोन नावाच्या, मागे पडलेल्या भागांतल्या कंपन्यांसाठीच्या दुसऱ्या कार्यक्रमात आहे, तीसुद्धा सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या टेंडरमध्ये, तिची ह्याच्याशी गल्लत करू नका.

व्हीएचा स्वतःचा कायदा अजून कडक आहे. २००६ च्या कायद्याने व्हीएला सांगितलं की लायक अशा दोन व्हेटरन कंपन्या वाजवी दरात बिड टाकतील असं वाटत असेल तर टेंडर त्यांच्यापुरतंच ठेवा. ह्याला रूल ऑफ टू म्हणतात. व्हीए म्हणायचं, आमचं टार्गेट पूर्ण झालंय, मग दर वेळी कशाला. मेरीलंडचीच किंगडमवेअर नावाची छोटी कंपनी ह्यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, भांडण काय तर काही हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी नोटिफिकेशनच्या सर्व्हिसचं, आणि २०१६ च्या जूनमध्ये आठही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की टार्गेट झालेलं असो नसो, नियम पाळावाच लागेल. त्या निकालानंतर आमच्या धंद्यात ‘एखादा व्हेटरन शोधून दे ना’ असे फोन यायला लागले. तुमचा प्रश्न त्याच जातीचा आहे, राग मानू नका.

मित्राच्या रेटिंगबद्दल तुम्ही विचारलंय की किती टक्के लागतं. फेडरलसाठी किमान काही नाही. व्हीएचं रेटिंग शून्य टक्के असलं तरी चालतं, फक्त अपंगत्व सेवेशी जोडलेलं आहे असं लेखी हवं. कोणीतरी दहा टक्के सांगितलं असेल तर ते कॅलिफोर्निया राज्याचं, तिथला वेगळा कार्यक्रम आहे, त्यात दहा टक्के अपंगत्व आणि राज्याचा रहिवासी असणं लागतं. राज्याचं सर्टिफिकेट फेडरलला चालत नाही आणि उलटही नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि सगळं इथेच अडतं. ५१ टक्के ही फक्त पहिली पायरी आहे. एसबीए, म्हणजे छोट्या उद्योगांचं सरकारी खातं, जे २०२३ च्या जानेवारीपासून हे सर्टिफिकेशन करतं, आधी व्हीए करायचं, ते बघतं की मालक खरा कोण आहे. ह्याला ते कंट्रोल म्हणतात. सगळ्यात वरचं पद व्हेटरनकडे हवं, रोजचे आणि लांबचे निर्णय त्याचे हवेत, धंद्याच्या नेहमीच्या वेळेत तो कंपनीला वेळ देऊ शकत नसेल तर त्याचा कंट्रोल नाही असंच गृहीत धरतात, आणि मग तसं नाहीये हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. ऑफिसपासून रोज जा-ये करण्याच्या अंतरात राहत नसेल तरी तेच. तुमचा पगार त्याच्यापेक्षा जास्त असेल तर का, ते विचारणार. कंपनीला कर्ज तुम्ही दिलंय, जागा तुमची आहे, धंद्याला लागणारं लायसन तुमच्या नावावर आहे, असं एकावर एक साचत गेलं की चित्र स्पष्ट होतं, आणि ते चित्र त्यांनी हजारदा बघितलंय.

एक प्रसंग सांगतो, नावं गावं काढून. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मराठी माणसाच्या घरी रविवारी सकाळी बसलो होतो, त्याच्या वहिनींनी पोहे केलेले, समोर व्हेटरन पार्टनर, नेव्हीतून आलेला अगदी सरळ माणूस. अर्ज भरून तयार होता, मी फक्त नजर टाकायला गेलेलो. ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट अडतीस पानांचं, कुठल्यातरी टेम्प्लेटवरून उचललेलं. एकोणिसाव्या पानावर वाक्य होतं की मोठ्या निर्णयांना ६० टक्के मतं लागतील, आणि मोठे निर्णय म्हणजे काय त्याची यादी खाली: माणूस नेमणं, काढणं, वर्षाचं बजेट, बँकेचं कर्ज, ५० हजार डॉलरवरचं कुठलंही कॉन्ट्रॅक्ट. व्हेटरनकडे ५१ टक्के. मी पेन्सिलने ६० वर गोल केला आणि शेजारी ५१ लिहिलं. तो व्हेटरन दोन मिनिटं बघत बसला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, म्हणजे मी रिसेप्शनिस्टसुद्धा एकट्याने ठेवू शकत नाही? पोहे गार झाले. त्या माणसाने स्वतःच्या कंपनीचं अ‍ॅग्रीमेंट त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं होतं, आणि मला विचाराल तर ते ६० पेक्षा हे जास्त वाईट होतं.

छोट्या भागीदाराला काहीच हक्क ठेवता येत नाहीत असं नाही. नवा भागीदार आत घेणं, कंपनी विकणं, बंद करणं, दुसऱ्या कंपनीत विलीन करणं, दिवाळखोरी, अशा मोजक्या टोकाच्या गोष्टींवर नकाराधिकार ठेवलेला नियमात बसतो. तुमची गुंतवणूक त्याने जपली जाते. पण बजेट आणि नेमणुका त्यात येत नाहीत.

आणि तुमच्या केसमध्ये ह्याच्याही आधीचा धोंडा आहे, तो तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मित्र फेडरल नोकरीत आहे. फेडरल कर्मचाऱ्याची मालकी किंवा कंट्रोल असलेल्या कंपनीला, माहीत असताना कॉन्ट्रॅक्ट द्यायचं नाही असा खरेदीचा सर्वसाधारण नियमच आहे, त्याला अपवाद अगदी क्वचित मिळतो. म्हणजे त्याने ५१ टक्के घेतले आणि नोकरी ठेवली तर एका बाजूला कंट्रोल नाही म्हणून सर्टिफिकेशन अडणार, आणि दुसऱ्या बाजूला खरंच कंट्रोल आहे असं सिद्ध केलंत तर ह्या नियमाने अडणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

आता पुणे. तुम्हाला वाटतंय की आपण चौदा माणसं, आपण छोटेच. छोटं म्हणजे काय ते तुमच्या नेक्स कोडवर, म्हणजे धंद्याच्या प्रकाराला दिलेल्या सरकारी क्रमांकावर, ठरतं, कंप्युटर सिस्टिम डिझाइनचा जो कोड तुमचा असणार, ५४१५१२, त्याची मर्यादा ३४ मिलियन डॉलर आहे, पाच वर्षांच्या सरासरी उलाढालीची. तुम्ही त्यात आरामात बसता. पण मोजताना तुमच्याशी जोडलेल्या कंपन्यांची उलाढालही धरतात, आणि ती जगात कुठेही असली तरी. सख्खे भाऊ, नवरा-बायको, आईवडील, मुलं, ह्यांच्या कंपन्या एकमेकांशी धंदा करत असतील किंवा माणसं, जागा, पैसे वाटून घेत असतील तर त्या जोडलेल्याच आहेत असं गृहीत धरलं जातं. तुम्ही काम भावाला देणार म्हणजे गृहीतक लागू झालंच. भावाची कंपनी वीस माणसांची असेल तर बेरीज करूनही फरक पडणार नाही, चारशे माणसांची असेल तर नीट हिशोब करा. मी बघितलंय, लोक बिडच्या फॉर्मवर बिनधास्त ‘स्मॉल’ला टिक करतात आणि पिंपरीतली किंवा हिंजवडीतली कंपनी मोजतच नाहीत, कारण ती ‘इंडियात आहे ना’.

दुसरं, पुण्यात काम पाठवायलाच मर्यादा आहे. सर्व्हिसच्या सेट-असाइड कॉन्ट्रॅक्टमध्ये सरकारकडून मिळालेल्या पैशातले ५० टक्क्यांपेक्षा जास्त तुम्ही बाहेरच्या कंपन्यांना देऊ शकत नाही. दहा लाख डॉलरचं काम असेल तर पाच लाखांपर्यंतच बाहेर. ह्यातून सुटतात ते फक्त तुमच्यासारखंच सर्टिफिकेट असलेले छोटे सबकॉन्ट्रॅक्टर, दुसरी व्हेटरन कंपनी घेतलीत तर तिचे पैसे ह्या ५० मध्ये मोजत नाहीत. आणि आपल्या आयटीवाल्यांनी कान देऊन ऐका, १०९९ वरचा, म्हणजे पगारावर नसून कंत्राटावर घेतलेला माणूस हा तुमचा कर्मचारी नाही, तो सबकॉन्ट्रॅक्टर. सी-टू-सी वर, म्हणजे दुसऱ्या कंपनीमार्फत, घेतलेला कन्सल्टंट तर सरळ सरळ बाहेरचा. आपल्याकडच्या कितीतरी कंपन्यांत डब्ल्यू-टू वर, म्हणजे पगारावर, तीन जण आणि बाकी सगळे लेयरमधून, म्हणजे मधल्या कंपन्यांमार्फत, आलेले असतात, त्या गणितावर सेट-असाइडचं काम घेतलं की नियम मोडलाच म्हणून समजा. शिवाय बऱ्याच फेडरल कामांत डेटा देशाबाहेर जाऊच द्यायचा नाही किंवा माणसं सिटिझनच हवीत अशी अट असते, तेव्हा टेंडर वाचताना ती अट आधी शोधा, दर नंतर काढा.

‘सगळेच करतात हो’ असंही लिहिलंय तुम्ही. करत होते. अगदी २००९ मध्ये सरकारच्याच ऑडिटवाल्या जीएओने दहा कंपन्यांची प्रकरणं उघडी केली, लबाडीने घेतलेल्या व्हेटरन कॉन्ट्रॅक्टची रक्कम साधारण १०० मिलियन डॉलर. तेव्हा व्हीएच्या बाहेर कोणीही स्वतःच स्वतःला सर्टिफाय करू शकत होता. आता ते दार बंद झालंय, एसबीएचं सर्टिफिकेट नसेल तर सेट-असाइड मिळत नाही. आणि २०१० च्या एका कायद्याने असं ठरवलं की लायकी नसताना सेट-असाइड घेतलं तर सरकारचं नुकसान म्हणजे अख्ख्या कॉन्ट्रॅक्टची रक्कम असं गृहीत धरायचं. तुम्ही काम नीट केलंत, सॉफ्टवेअर उत्तम चाललं, तरी. नुसतं बिड टाकणं म्हणजेच ‘आम्ही लायक आहोत’ असं लिहून देणं धरतात. त्यावर फॉल्स क्लेम्स कायद्याने, म्हणजे सरकारकडे खोटे दावे करण्याविरुद्धच्या कायद्याने, त्या नुकसानीच्या तिप्पट.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण ट्रायमार्क यूएसएचं, किचनची उपकरणं पुरवणारी मोठी कंपनी, तिने २०२२ मध्ये ४८.५ मिलियन डॉलर भरून समझोता केला. पद्धत काय होती बघा, टेंडर ट्रायमार्कने शोधायचं, बिड कसं भरायचं आणि किती दर टाकायचा ते छोट्या कंपनीला सांगायचं, अधिकाऱ्यांना पाठवायच्या ईमेलसुद्धा ट्रायमार्कनेच लिहून द्यायच्या, छोटी कंपनी फक्त पाठवणार. तुमच्या प्रश्नातलं ‘काम सगळं आम्हीच बघणार’ हे वाक्य ह्याच्या शेजारी ठेवून वाचा. अशा केस बहुतेकदा आतल्या माणसाच्या तक्रारीवरून सुरू होतात, त्याला वसुलीतला हिस्सा मिळतो, म्हणजे तुमच्याकडून भांडून गेलेला अकाउंटंट पुरेसा आहे. आणि तिथपर्यंत जायलाही नको, हरलेला बिडर निकाल कळल्यापासून पाच वर्किंग डेजमध्ये प्रोटेस्ट टाकू शकतो, तो तुमचं लिंक्डइन बघतो, मित्राचं लिंक्डइन बघतो, त्यावर सरकारी नोकरी दिसली की झालं.

मग करायचं काय. तुम्ही एक गोष्ट विसरताय, तुम्ही आत्ताच, कुणालाही ५१ टक्के न देता, स्मॉल बिझनेस आहात. त्या २३ टक्क्यांचा मोठा भाग कुठल्याही खास सर्टिफिकेटशिवायच्या साध्या छोट्या कंपन्यांच्या सेट-असाइडमधून जातो. छोट्या खरेद्या, म्हणजे पूर्वी १० हजार ते अडीच लाख डॉलर आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून १५ हजार ते साडेतीन लाख, त्या मुळातच छोट्या कंपन्यांसाठी राखायच्या असतात. नवख्या माणसाने तिथून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण पहिल्यांदा सगळे विचारतात ते एकच, पूर्वी सरकारसाठी काय केलंय. दीड लाखाचं एक काम नीट पार पाडलेलं असलं की त्या प्रश्नाला उत्तर असतं.

मिसेस कंपनी खरोखर चालवत असतील आणि सिटिझन असतील तर महिलांचा कार्यक्रम आहे, पण तिथेही ‘खरोखर’ वरच येऊन थांबतो, बायकोच्या नावावर एलएलसी आणि निर्णय नवऱ्याचे हे एसबीएला नवीन नाही. ८ए चं, म्हणजे सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्यांच्या कंपन्यांसाठीच्या कार्यक्रमाचं, विचारलंत तर, पूर्वी आपण भारतीय उपखंडातले म्हणून सामाजिकदृष्ट्या मागे आहोत असं गृहीत धरलं जायचं, २०२३ च्या जुलैमध्ये टेनेसीच्या कोर्टाने ते गृहीतक वापरायला बंदी केली, तेव्हापासून जुन्या माहितीवर त्या वाटेला जाऊ नका.

आणि मित्राला खरंच धंदा करायचा असेल, म्हणजे नोकरी सोडून, तर चित्र पूर्ण बदलतं. त्याने स्वतःची कंपनी काढावी, शंभर टक्के त्याची, तुम्ही त्याचे सबकॉन्ट्रॅक्टर व्हा, त्या ५० टक्क्यांच्या आत राहून. फक्त महत्त्वाचं सगळं काम तुम्हीच करताय आणि तो नावापुरता असं व्हायला नको, त्यालाही वेगळा नियम आहे आणि त्यात दोन्ही कंपन्या जोडलेल्या धरल्या जातात. पुढेमागे मेंटर-प्रोटेजे, म्हणजे अनुभवी कंपनीने नवख्या कंपनीला हात देण्याचा एसबीएचा कार्यक्रम, तो करून जॉइंट व्हेंचर करता येतं, त्यात तुम्ही ४९ टक्क्यांपर्यंत असू शकता आणि व्हेंचरच्या वाट्याच्या कामातलं किमान ४० टक्के काम त्याच्या कंपनीने स्वतः करायचं. हे सगळं उघड, कागदावर आणि कायदेशीर आहे. फक्त त्यात बॉस तो असतो. तुम्हाला ते चालणार आहे का हे आधी स्वतःला विचारा, कारण आपल्या लोकांना भागीदार चालतो, वरचा माणूस चालत नाही, आणि हे मी स्वतःला धरून म्हणतोय.

काम मिळतं कसं त्याबद्दल एकच सांगतो. टेंडर निघायच्या आधी खातं एक नोटीस काढतं, सोर्सेस सॉट म्हणतात तिला, की हे काम करणाऱ्या छोट्या कंपन्या कोण आहेत. लोक ती वाचून सोडून देतात कारण त्यात पैसे नसतात. पण कुंपण घालायचं की नाही, रूल ऑफ टू लागू करायचा की नाही, हे त्या उत्तरांवरूनच ठरतं. दोन लायक उत्तरं आली नाहीत तर टेंडर सगळ्यांना खुलं, मग मोठ्या कंपन्या आल्याच. पाच पानांचं उत्तर असतं, द्या. आणि सरकारचं वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, आपला मार्च एंड तोच त्यांचा सप्टेंबर, शिल्लक बजेट संपवायची घाई असते, तेव्हा जुलैपर्यंत तुमचा चेहरा आणि एका पानाचं कॅपॅबिलिटी स्टेटमेंट, म्हणजे कंपनी काय करू शकते त्याची माहिती, त्या खात्याच्या स्मॉल बिझनेसच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचलेलं पाहिजे. सप्टेंबरमध्ये ओळख काढायला जाल तर फोनसुद्धा कोणी उचलत नाही.

राहता राहिली तुम्हाला आलेली ती ईमेल, सॅमवर, म्हणजे सरकारी काम घेणाऱ्या कंपन्यांच्या नोंदणीच्या साइटवर, रजिस्ट्रेशनसाठी ५९९ डॉलर मागणारी. भरू नका. सॅमचं रजिस्ट्रेशन फुकट आहे, यूईआय नंबर, म्हणजे कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक, फुकट मिळतो, एसबीएच्या व्हेटरन सर्टिफिकेशनलाही फी नाही. तुमची माहिती सॅमवर गेली की असली डझनभर पत्रं येतात, काहींवर गरुडाचं चित्रही असतं. अडलंच कुठे तर तुमच्या राज्यातल्या अ‍ॅपेक्स अ‍ॅक्सिलरेटरच्या ऑफिसला फोन करा, पूर्वी त्याला पीटॅक म्हणायचे, ते लोक शेजारी बसून फॉर्म भरून घेतात आणि एक पैसा घेत नाहीत. जाताना कंपनीचं टॅक्स रिटर्न आणि बँकेचं स्टेटमेंट बरोबर ठेवा, कायदेशीर नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं आहे ना ते घरूनच बघून जा, एका स्वल्पविरामापायी माझ्या एका क्लायंटचे तीन आठवडे गेलेत.